बनियनच्या कापडाचा कुडता

मालनमामीच्या घरात सगळ्यांच्या आधी शिवणाचं मशीन जागं व्हायचं. बाहेर सोलापूरच्या त्या गल्लीत यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालूच असायची, पण तिची इतकी सवय झाली होती की ती बंद पडली तरच कान टवकारायचे. त्या खटखटीवर मामीच्या पायमशीनची घरघर चढली की मी डोळे मिटूनच अंथरूण गुंडाळायची. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामीचा शिवणक्लास आणि मागच्या खोलीत स्टोव्ह, देव, मामा, मामी, त्यांची वैशाली आणि मी. दत्तूमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. तो एका टॉवेलच्या कारखान्यात कामगारांची हजेरी लिहायचा, आणि घरी आला की आपण आलोय हे कुणाला कळू नये अशा बेतानं कोपऱ्यात बसायचा. माझी आई तिकडं सांगोल्याकडं माळावर मेंढरं राखायची. वडील गेल्यावर तिनं मला मामाकडं धाडलं. "चार टाकं घालाय शिकलीस तर मेंढरामागं हिंडायचं तरी चुकंल तुजं," एवढंच ती एसटीत बसवताना म्हणाली होती.

मामीनं मला शिकवलं नाही. काज करणं, हुक लावणं, शिवून झालेल्या ब्लाऊजांचे लोंबणारे धागे तोडणं, क्लासची फरशी पुसणं आणि सगळ्यांच्या भाकरी थापणं ही माझी कामं. क्लासला येणाऱ्या मुली फळ्याजवळ बसून मापं काढायला शिकायच्या, तेव्हा मी दारामागं बसून हुक लावत सगळं ऐकायची. कात्रीला हात लावायचा नाही, हा नियम फक्त माझ्यासाठी होता. मामीचा हात मात्र खरोखर चांगला होता. तिनं बेतलेला ब्लाऊज अंगावर चढला की बाई आरशासमोरून हलायची नाही. स्वयंपाकातही तसंच. उखळात कुटलेली, तेल सुटलेली तिची शेंगाचटणी आणि उन्हाळ्यात ताकातली गार आंबील, त्या चवीचं मी पुढं कुठंच खाल्लं नाही. हे लिहिताना मला आजही जड जातंय. पण खरं आहे ते आहे.

उन्हाळा आला की माझे हाल सुरू व्हायचे. सोलापूरचं ऊन माळावर मी लहानपणापासून सोसलेलं होतं, त्याचं काही नाही. पण माळावर अंगात सुती झंपर असायचा, आणि इथं मला वैशालीचे टाकलेले नायलॉनचे ड्रेस घालावे लागायचे. वैशाली माझ्याच वयाची, पण अंगानं बारीक. तिचे ड्रेस मला काखेत काचायचे, पाठीला चिकटायचे. चैत्र संपायच्या आत मानेपासून कमरेपर्यंत घामोळं उठायचं आणि हुक लावता लावता मी भिंतीला पाठ घासत बसायची. मामी गिऱ्हाइकांसमोर मला हाक मारून उभी करायची. "ह्यो बघा, वैशालीचाच ड्रेस. दोन वर्षं घातला तिनं, तरी नवा दिसतोय की न्हाय? आमच्या हातची शिलाई हाय ती." बाया माझा दंड धरून, मला गरकन फिरवून शिवण बघायच्या. घामोळ्यावरून त्यांची बोटं गेली की डोळ्यांत पाणी यायचं. मामीला ते दिसायचं. ती मुद्दाम म्हणायची, "नीट उभी ऱ्हा की गं."

शेजारी लक्ष्मक्का राहायच्या. विणकर घरातल्या, तेलुगू. घरात सगळे तेलुगूतच बोलायचे आणि आमच्याशी त्यांच्या हेलातलं मराठी. त्या एका बनियनच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालायला जायच्या. विणताना टाका सुटलेलं, डाग पडलेलं कापड कारखानेवाले बायकांना घरी न्यायला द्यायचे. एका दुपारी नळावर माझी मान बघून त्या एकदम ओरडल्या, "अय्यो शेवंता! हे काय झालं गं पोरी? तुझी मामी बघते का नाही?" दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून एक गुंडाळी माझ्या हातात दिली. पिस्त्याच्या फिकट हिरव्या रंगाचं, उशीच्या खोळीसारखं गोल विणलेलं होजिअरीचं कापड होतं ते. मी ते गालाला लावलं. ओढलं तर ताणायचं आणि सोडलं की गुपचूप जागेवर यायचं. असलं कापड मी बनियनशिवाय कुठं बघितलं नव्हतं. त्याचा आपल्यासाठी सैल, गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा, बिनबटणाचा, डोक्यातून घालायचा कुडता शिवायचा, हे मी तिथंच कुंपणापाशी ठरवलं.

मामी जेवून झोपली की मी मशीनवर बसायची. आता शिवणातल्या कुणालाही विचारा, या कापडाला साध्या मशीनवर शिवणं म्हणजे काय छळ असतो ते. आज माझ्याकडं त्यासाठी वेगळं मशीन आहे, वेगळी सुई मिळते, सून तर मोबाइलवर बघून तासाभरात शिवते. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिली शिवण घातली तर ती लाटेसारखी वर-खाली झाली. दुसरीत मशीननं मधलेच टाके गाळले. तिसरीत सुईनं कापडाच्या विणीचा एकेक फासा तोडला, आणि ओढून बघितलं तर बारीक भोकांची रांग पडलेली. मला रडू आलं नाही, राग आला. मी एक जुनी सुई घेऊन तिचं टोक सहाणेवर घासघासून बोथट केलं. ती फासा न तोडता बाजूला सारून जायला लागली. मग कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवलं, म्हणजे मशीनचे दात कापड ओढत नव्हते, आणि नंतर कागद फाडून टाकला. गळ्याला त्याच कापडाची आडवी पट्टी, गळ्यापेक्षा थोडी आखूड, ताणून लावली. सोडल्यावर ती अशी गोल बसली, की मी दुपारच्या त्या उन्हात एकटीच हसले. वीतभर तुकडा उरला होता, त्याचा खिसा लावला. वैशालीच्या ड्रेसांना कधी खिसा नसायचा.

संध्याकाळी अंघोळ करून मी तो घातला. अंगाला वारा लागला. खरंच सांगते, पाठीवरून कुणीतरी हात फिरवावा तसं वाटलं. त्या दिवशी क्लासच्या मुली अजून गेल्या नव्हत्या, दोन गिऱ्हाइकं ओट्यावर बसली होती, आणि मामा नुकताच कामावरून येऊन दारात चप्पल काढत होता. वैशालीनंच आधी बघितलं. "आई, शेवंताचा बघ की! मला पायजे असला." एक मुलगी उठून खिशात हात घालून बघायला लागली. "कुणी शिवला गं?" तिनं विचारलं. "मी," मी म्हणाले. हा एकच शब्द मामीला सहन झाला नाही, असं मला आजही वाटतं.

"कापड कुणाचं?" मामी मशीनवरून उठली.

"लक्ष्मक्कांनी दिलं."

"अक्का कशाला देतील? गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यातनं काढलंस, खरं बोल."

"असलं कापड आपल्याकडं येतंय कुटं मामी? विचारा की अक्कांना."

"माझ्या मशीनला माझ्या माघारी हात लावतीस, आन् वर मला शिकीवतीस? काढ तो. जा आत, काढून आण."

मी मामाकडं बघितलं. तो वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिला. मी आत जाऊन नायलॉनचा ड्रेस चढवला आणि कुडता घेऊन बाहेर आले. मामीनं तो मेजावर पसरला. मला वाटलं, ती शिवण बघतीय. तिनं बघितलीही. गळ्याच्या पट्टीवरून तिचा अंगठा हळूच फिरला, आणि ती पट्टी चांगली बसलीय हे तिला कळलं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मग तिनं मोठी कात्री घेतली आणि गळ्यापासून खालच्या घेरापर्यंत कुडता उभा कापला. मग आडवा. कात्रीचा तो कचकच आवाज माझ्या कानात अजून आहे. तुकडे माझ्या अंगावर टाकून ती म्हणाली, "ह्ये पाणी चांगलं पितंय. फरशी पुसायला घे. आत्ताच पूस, समद्यांच्या देखत."

मी पुसली. गुडघ्यांवर बसून, मुलींच्या पायांमधनं, माझ्याच कुडत्याच्या पाठीनं. त्या उन्हाळ्यात रोज मी त्याच तुकड्यांनी फरशी पुसली, पिळली, वाळत घातली. एखादी असती तर रडून मोकळी झाली असती, किंवा आईकडं निघून गेली असती. मी मुद्दाम राहिले. रोज तो तुकडा पिळताना मी मनात एकच म्हणायची, हिला चारचौघींतच खाली बघायला लावीन. कधी, कसं, ते ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यावर मी जेवत होते आणि तेवढ्यावर झोपत होते. बोथट केलेली ती सुई मी मशीनमधून काढून लुगड्याच्या एका चिंधीत खोचली आणि माझ्या ट्रंकेत तळाला ठेवली.

देव असतो की नाही मला माहीत नाही, पण तो उन्हाळा संपायच्या आत जाधवबाई आल्या. त्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. शाळेचं उन्हाळी शिबिर होतं, मुलींना कवायतीसाठी सैल, सुती कुडते हवे होते. कापड त्यांनी आणलेलंच होतं. गठ्ठा सोडला तर आत पांढरं होजिअरीचं कापड. माझ्या हातातला हुक खाली पडला. मामीनं कापड चिमटीत धरून बघितलं. तिला नाही म्हणता आलं असतं. पण क्लासच्या मुली बघत होत्या, शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या शिवणकामवालीचं नाव बाईंनी बोलता बोलता घेतलं होतं. मामी म्हणाली, "होतंय की. त्यात काय एवढं? आठ दिवसांनी नमुना बघायला या."

पुढचे दिवस मी सणासारखे काढले. मामी कुडता बेतायची तो नेमका, मापात चूक नाही. पण मशीनवर घेतला की घेर लाटांसारखा व्हायचा. ती नवी धारदार सुई घालायची, भोकं पडायची. ती दोरा घट्ट करायची, मग शिवण ताठ व्हायची आणि ओढली की तुटायची. ती उसवायची, परत शिवायची. घामानं तिची मान भिजायची, पंखा लावला की कापड उडायचं, म्हणून पंखा बंद. मी आंबील आणून ठेवायची, ती तशीच राहायची. मी दाराजवळ बसून काज करत होते आणि मला सगळं दिसत होतं. कुठं कागद हवा, कुठं हात सैल सोडायला हवा, सगळं. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द दाताखाली धरून ठेवला.

एक दिवस क्लास सुटल्यावर, माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "शेवंते, त्या तुझ्या कुडत्याला टाका कसा बसविला हुतास गं?"

"कुठल्या मामी?"

"त्योच की. हिरवा."

"फरशी पुसायचा व्हय? आणू का? ओला हाय अजून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मुंडी खाली घालून काज करत राहिले. मला आतून इतकं गोड वाटलं, की तसं पुढं माझ्या लग्नातही वाटलं नाही. तिनं परत विचारलं असतं, नुसतं "शिकीव" म्हणाली असती, तर मी शिकवलं असतं का? माझी नात हे मला हटकून विचारते. मी तिला सांगते, नसतं शिकवलं.

त्याच आठवड्यात अक्कांनी मला आणखी कापड दिलं. मी मागितलं होतं. त्यांच्या सुनेला माहेरहून आलेलं मशीन खोळ घालून पडून होतं. दुपारी नळाला जाते असं सांगून मी तिथं जायची. यावेळचं कापड गडद जांभळं होतं. ट्रंकेतली सुई काढली. आधीच्या चुका सगळ्या माहीत असल्यामुळं हात सरसर चालला. बाह्या कोपरापर्यंत घेतल्या, दोन्ही बाजूंना छोटे कट ठेवले, खिसे दोन. सून बघत बसायची, अक्का कामावरून आल्या की हात लावून म्हणायच्या, "मस्तु आहे गं. कुठं घालून जाणार?" मी म्हणाले, "शेजारी."

जाधवबाई सांगितलेल्या दिवशी आल्या, बरोबर शाळेतल्या एका मुलीला घेऊन. मामीनं चार नमुने केले होते, त्यांतला बरा दिसणारा वर ठेवला होता. इस्त्रीनं तिनं घेर दाबून दाबून सपाट केला होता. क्लास भरलेला होता. मुलीनं तो ड्रेसवरूनच डोक्यात घातला. गळ्यातून डोकं बाहेर येताना कट्ट असा आवाज झाला, मग कट् कट् कट्, आणि गळपट्टी सुटून तिच्या खांद्यावर लोंबायला लागली. मुलगी घाबरून म्हणाली, "मी काही केलं नाही बाई." जाधवबाईंनी दुसरा उचलून उजेडात धरला. शिवणीशेजारी भोकांची रांग पीठ चाळायच्या चाळणीसारखी दिसत होती. "अहो, हे काय?" त्या म्हणाल्या. मामी म्हणाली, "कापडच कच्चं हाय बाई. असल्या कापडाला शिलाई धरतच न्हाय. कुणालाच जमायचं न्हाय."

मी अक्कांच्या दारातून हे सगळं बघत-ऐकत होते. माझ्या अंगात जांभळा कुडता होता. मी सरळ चालत ओटा चढून आत गेले आणि मधोमध उभी राहिले. कुणी मला उभं केलं नव्हतं. जाधवबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांनी गळा ओढून बघितला, सोडला, परत ओढला. घेर उलटा करून शिवण बघितली.

"कुणी शिवला हा?"

"मी."

"मग हे तुझ्या मामींनीच शिकवलं असेल ना?"

मला तिथं थांबता आलं असतं. मामीच्या डोळ्यांत तेवढीच विनंती होती. व्हय म्हण, म्हणजे दोघींची लाज राहील. क्लासच्या मुली, वैशाली, ओट्यावरच्या बाया, सगळे माझ्याकडं बघत होते. मी सावकाश म्हणाले, "न्हाय बाई. मामींना ह्ये येत न्हाय. मी पहिला शिवला हुता, त्यो त्यांनी कापला. ही फरशी त्यानंच पुसती मी. बघायचाय का?" आणि मी कोपऱ्यातल्या बादलीवरचा तुकडा उचलून मेजावर, मामीच्या पांढऱ्या नमुन्यांशेजारी ठेवला. काळवंडला होता तरी गळपट्टीचा तो भाग ओळखू येत होता, आणि त्यातला एक टाकाही सुटलेला नव्हता.

मामी स्टुलावर बसली. तिनं मान खाली घातली, आणि मी ती खाली गेलेली मान पोटभर बघितली. जाधवबाईंनी कापडाचा गठ्ठा बांधला आणि मला विचारलं, "कुठं आणून देऊ?" मी अक्कांच्या घराकडं बोट केलं.

लोकांना वाटतं, इतक्या वर्षांनी माझं मन निवळलं असेल. आता सोलापूरजवळ कुंभारीत माझं घर आहे, कपाट माझ्याच हातच्या कुडत्यांनी भरलंय, उन्हाळ्यात मी दुसरं काही घालत नाही. मामीचा क्लास त्यानंतरही चालला, पण मुली कमी होत गेल्या. ज्यांनी तो दिवस बघितला होता त्या इतरांना सांगत राहिल्या. मामी गेली तेव्हा मी दहाव्याला गेले होते. लुगडं नेसून नाही, जांभळा कुडता घालून. बाया कुजबुजल्या. वैशाली माझ्याकडं बघून तोंड फिरवून बसली. मी जेवले आणि आले. मला अजूनही तिचा राग येतो. तो गेला तर मला चुकल्यासारखं होईल.

जाधवबाई अक्कांकडं गठ्ठा ठेवून गेल्या, त्याच दिवशी संध्याकाळी दत्तूमामा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन अक्कांच्या दारात आला. अक्का त्याला आत या म्हणाल्या, पण तो आला नाही. ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवून उभा राहिला.

"मालननं दुपारपासनं मशीनवर चादर टाकून ठेवलीय," तो म्हणाला. "जेवली बी न्हाय."

मी ट्रंकेवरची धूळ हातानं झाडली.

"येवढं समद्यांदेखत बोलाया नगं हुतं, शेवंते."

"समद्यांदेखतच कापला हुता मामा. तुमी हुता की तितं."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. मागांची खटखट चालली होती. तिकडंच बघत तो म्हणाला, "हुतो." मग टोपी काढून तोंड पुसलं, परत घातली आणि गेला. आपल्या घराकडं नाही, कारखान्याच्या बाजूनं. मी गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्याकडं बघत होते. नंतर ट्रंक आत ओढली, हात धुतले आणि पांढऱ्या कापडाच्या गळपट्ट्या कापायला बसले.